लहान मुलांना मत मांडायला आणि त्याला आधार द्यायला कसे शिकवावे

तिसरीच्या वर्गाला मी पहिल्यांदा मत लिहायला दिले, तेव्हा विषय निवडला होता ‘मोबाइल चांगला की वाईट’. सगळ्या मुलांनी ‘वाईट’ असे लिहिले आणि कारणेही जवळपास सारखीच दिली : डोळे बिघडतात, अभ्यास होत नाही, वेळ वाया जातो. त्यांतली बरीचशी मुले घरी गेल्यावर आईचा मोबाइल मिळावा म्हणून हट्ट धरून बसत, हे मला त्यांच्या आयांकडून ठाऊक होते. मुलांनी खोटे लिहिले असे मात्र मी म्हणणार नाही. बाईंना काय वाचायला आवडेल याचा अंदाज बांधून त्यांनी नेमके तेच लिहिले होते, आणि शाळेत पहिल्या दिवसापासून आपण त्यांना बहुतेक वेळा हेच शिकवलेले असते. चूक माझ्या प्रश्नाची होती. ज्याचे उत्तर मी आधीच ठरवून ठेवले होते, ते विचारून मी मुलांकडून त्यांच्या मताची अपेक्षा करत होते.

मालवण तालुक्यातल्या लहान शाळांमध्ये दुसरी ते चौथीच्या मुलांना शिकवताना या कामाची जी रीत हळूहळू बसत गेली, ती येथे लिहीत आहे. शिक्षकांना ती वर्गात वापरता येईल आणि पालकांना संध्याकाळी पडवीत बसूनही वापरता येईल. उदाहरणे आमच्या किनाऱ्यावरची आहेत. आपल्या गावाप्रमाणे ती बदलून घ्यावीत.

प्रश्न कसा निवडावा

चांगल्या प्रश्नाची पहिली खूण अशी की त्याचे उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसावे, निदान त्याने ते मनात ठरवून ठेवलेले नसावे. दुसरी खूण अशी की मुलांचा त्या गोष्टीशी रोजचा संबंध असावा, म्हणजे त्यांना बोलण्यासाठी कोणाच्या पुस्तकातून उसने आणावे लागणार नाही. आणि तिसरी, जी मला फार उशिरा कळली, अशी की वर्गात दोन्ही बाजूंना थोडी तरी मुले असावीत, कारण समोर वेगळे म्हणणारा कोणी नसेल तर कारण देण्याची गरजच उरत नाही.

‘झाडे लावावीत का’, ‘खरे बोलावे का’, ‘स्वच्छता राखावी का’ हे प्रश्न म्हणून दिसतात, पण ते प्रश्न नव्हेत. ती सुविचारांची उजळणी आहे. त्याऐवजी ‘शाळेच्या आवारात एकच झाड लावायचे तर माड लावावा की बकुळ’ असे विचारले की मुले लगेच दोन गटांत वाटली जातात. मधल्या सुट्टीत आधी जेवावे की आधी खेळावे, पावसाळ्यात शाळेत येताना छत्री बरी की रेनकोट, आजोळी मे महिन्यात जावे की चतुर्थीला, पाहुण्यांपुढे फणस ठेवायचा तर कापा ठेवावा की बरका, असे कितीतरी प्रश्न आपल्या अंगणात पडलेले असतात. कापा म्हणजे टणक गऱ्यांचा आणि बरका म्हणजे मऊ, रसाळ, घशातून सरकन उतरणाऱ्या गऱ्यांचा फणस, हे कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. आमच्याकडच्या पाच वर्षांच्या मुलाला ते सांगावे लागत नाही आणि या बाबतीत त्याचे मत पक्के असते.

काही प्रश्न या वयात टाळावेत असे माझे मत आहे, जरी ते महत्त्वाचे असले तरी. आमच्या वर्गात एकाच बाकावर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, मासेमारीवर घर चालणारा मुलगा आणि मोठ्या यांत्रिक नौकेवर वडील जाणारी मुलगी शेजारी शेजारी बसतात. समुद्रात कोणी कशी मासेमारी करावी या प्रश्नावर ती दोघे स्वतःचे मत लिहूच शकत नाहीत. ती घरात रात्री जेवताना ऐकलेले लिहितील आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलणार नाहीत. ग्रामपंचायतीची निवडणूक, देवळातले मानपान, भावकीतला जमिनीचा वाद, यांचेही तसेच आहे. लहान गावात सगळी माणसे एकमेकांची कोणीतरी असतात, आणि मुलाने वहीत लिहिलेले वाक्य संध्याकाळपर्यंत तिसऱ्या वाडीत पोचलेले असते.

आवड आणि मत

मुले ‘मला कापा आवडतो’ असे म्हणतात आणि आपण त्यालाच मत समजून पुढे ‘का आवडतो’ असे विचारतो. मग मूल गप्प होते किंवा ‘कारण तो छान लागतो’ असे म्हणते, आणि आपल्याला वाटते की याला कारण देता येत नाही. वस्तुतः आवडीला कारण लागतच नाही. एखाद्याला कापा आवडतो हे कोणी खोडून काढू शकत नाही आणि सिद्धही करू शकत नाही. म्हणून आवडीचे मतात रूपांतर करण्यासाठी एक छोटा प्रश्न जोडावा लागतो : कशासाठी बरा? ‘पाहुण्यांना देण्यासाठी कापा बरा’ असे म्हणताच वाद घालण्याजोगे काहीतरी हाती येते. कापा ताटलीत नीट मांडता येतो, हात फारसे बरबटत नाहीत, ज्यांना सवय नाही त्यांनाही तो खाता येतो. उलट बाजूचा मुलगा म्हणतो की पाहुणा मुंबईहून आला असेल तर कापा त्याला तिथल्या बाजारातही मिळेल, पण बरका कोण विकायला नेणार, तेव्हा तोच द्यावा. हे दुसरे कारण मला पहिल्या साऱ्या कारणांपेक्षा सरस वाटले होते, पण तसे मी बोलून दाखवले नाही. शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत गुप्त ठेवावे. भुवई उंचावली तरी मुलांना ते कळते.

याच टप्प्यावर मत आणि माहिती यांतला फरक दाखवावा. त्यासाठी व्याख्या सांगू नये, कसोटी द्यावी : ‘जाऊन बघता येईल का, मोजता येईल का, कोणाला विचारून खात्री करता येईल का?’ मग वाक्ये वाचून दाखवावीत. ‘फणसाला बाहेरून काटे असतात’, ‘बरक्याच्या रसाची फणसपोळी होते’, ‘कापा बरक्यापेक्षा चांगला’. पहिली दोन मुले सहज ओळखतात. खरी मजा ‘आमच्या वाडीत सगळ्यांना कापाच आवडतो’ या वाक्यावर येते. आवडीबद्दल आहे म्हणून मुले त्याला मत म्हणतात, आणि मग कोणीतरी उठून म्हणते की घरोघर जाऊन विचारले तर हे खरे की खोटे ते समजेल. तो शोध मुलांनीच लावू द्यावा, मग त्यासाठी दहा मिनिटे गेली तरी चालतील.

आधी बोलणे, मग लिहिणे

जे मूल तोंडाने कारण देऊ शकत नाही, ते कागदावर देणार नाही. म्हणून वही उघडण्यापूर्वी दोन-तीन दिवस निव्वळ बोलण्यात घालवावेत. जून महिना यासाठी उत्तम, कारण शाळा सुरू होते आणि पाऊस मुलांना मैदानावर जाऊ देत नाही.

सुरुवात गुप्त मतदानाने करावी. हात वर करायला सांगितले तर वर्गातल्या दोन-तीन धीट मुलांकडे पाहून बाकीचे हात वर करतात. त्यापेक्षा प्रत्येकाच्या मुठीत एक काजूची बी आणि एक चिंचोका द्यावा, एका बाजूला बी आणि दुसऱ्या बाजूला चिंचोका ठरवून द्यावा, आणि कापड झाकलेल्या करवंटीत हात घालून एकच टाकायला सांगावे. उरलेली बी तिथेच परत घ्यावी, नाहीतर ती दप्तरात जाते आणि चुलीत भाजली जाते. मोजणी सर्वांसमोर करून आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत, कारण ते नंतर लागणार आहेत.

मग बोलणे सुरू करावे. येथे एकच नियम कडकपणे पाळावा : आपले बोलण्याआधी मागच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे आणि ‘असाच ना?’ असे त्याला विचारायचे. त्याने मान डोलावली तरच पुढे बोलायचे. पहिल्या दिवशी हा नियम सर्वांना जाचतो, कारण बहुतेक मुले दुसरा बोलत असताना ऐकत नसतात, स्वतःची पाळी येण्याची वाट पाहत असतात. मोठ्यांच्या सभांमध्येही हा नियम लावून पाहण्यासारखा आहे. आणि प्रत्येक मतानंतर वर्गाने विचारायचा प्रश्न आमच्या बोलीतला असतो : ‘कित्याक?’ ‘का’ या शब्दात मुलांना बाईंचा आवाज ऐकू येतो, उत्तर चुकल्यावर विचारला जाणारा. ‘कित्याक’ घरातला आहे, आजी-आजोबांच्या तोंडचा आहे, त्याने मूल बिचकत नाही.

बोलणे संपल्यावर पुन्हा मतदान घ्यावे. आकडा बदललेला असेल तर ज्यांनी मत बदलले त्यांना, इच्छा असल्यास, कोणत्या कारणामुळे बदलले ते सांगायला लावावे. मत बदलणे म्हणजे हरणे नव्हे हे मुलांना सांगून पटत नाही, पण मत बदलणाऱ्यालाच बाईंनी सर्वांत लक्षपूर्वक ऐकले हे त्यांच्या ध्यानात येते.

होडी आणि उलांडी

मत, कारण आणि पुरावा ही तीन नावे मी अनेक वर्षे फळ्यावर लिहून समजावत असे आणि मुले ती पाठ करत असत. पुढे एकदा खाडीकाठी फिरताना वाटले की याचे चित्र तर समोरच उभे आहे. आमच्याकडच्या छोट्या होडीच्या एका अंगाला, पाण्याला टेकलेले एक लांब लाकूड बांधलेले असते; त्याला उलांडी म्हणतात. ते लाकूड आणि होडी यांना जोडणाऱ्या दोन आडव्या काठ्या असतात. उलांडीमुळे अरुंद होडीही लाटेत कलंडत नाही. मी मुलांना सांगितले की होडी म्हणजे आपले मत, आडव्या काठ्या म्हणजे कारणे आणि उलांडी म्हणजे पुरावा, म्हणजेच जे पाण्याला, खऱ्या जगाला, टेकलेले आहे. नुसत्या काठ्या बाहेर काढून ठेवल्या तर होडी सावरत नाही, हे एका मच्छीमाराच्या मुलाने मला न विचारता सांगितले, आणि त्या दिवशी माझे अर्धे काम त्यानेच केले.

हे चित्र प्रत्येकाने वहीत काढावे आणि होडीवर मत, काठ्यांवर दोन कारणे व उलांडीवर पुरावा लिहावा. मात्र महिन्याभरानंतर चित्र बंद करावे. ते फार दिवस चालू ठेवले तर मुले विचार करायचे सोडून चौकटी भरू लागतात, आणि ‘बाई, काठी रिकामी राहिली’ अशी तक्रार घेऊन येतात.

पुरावा मिळवायच्या वाटा या वयात चारच शिकवल्या तरी पुरे : स्वतः पाहिलेले, मोजलेले, कोणाला विचारलेले आणि कुठे वाचलेले. छत्री-रेनकोटचा प्रश्न मोजण्यासाठी फार सोयीचा आहे. फळ्यावर दोन रकाने आखावेत, रोज सकाळी वर्गात शिरताना प्रत्येकाने आपले दप्तर दाखवावे आणि छत्रीवाल्यांपैकी किती जणांचे दप्तर भिजले, रेनकोटवाल्यांपैकी किती जणांचे, ते पाच दिवस नोंदवावे. मुले यात इतकी गुंततात की ज्या दिवशी पाऊस पडत नाही त्या दिवशी त्यांचा विरस होतो. कोकणात जुलैमध्ये तसे फारसे घडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादे मूल हमखास म्हणते की छत्रीवाले जास्त आहेत, मग त्यांची भिजलेली दप्तरे जास्त असणारच. ही शंका आली की त्या दिवशीचा बाकीचा पाठ बाजूला ठेवावा. दहापैकी चार आणि पाचापैकी चार यांत फरक काय, हे गणिताच्या तासाला जितके समजत नाही तितके येथे समजते.

विचारून मिळणाऱ्या पुराव्यासाठी माड आणि बकुळीचा प्रश्न बरा. माडाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी माडावर चढून नारळ पाडणाऱ्या काकांना विचारावे. ते सांगतील की बाणवली जातीचा माड लावल्यापासून पहिले फळ दिसायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. हे ऐकून चौथीतली मुले हिरमुसतात, कारण तोवर ती ही शाळा सोडून गेलेली असतील. बकुळीच्या बाजूचे लगेच सांगतात की माडाची झावळी आणि नारळ डोक्यावर पडू शकतात. अशा वेळी विचारावे की हे कोणी पाहिले आहे की फक्त वाटते आहे. कोणाकडून ऐकले ते नाव किंवा नाते लिहायची सवय येथेच लावावी : ‘माझ्या आजीने सांगितले’, ‘नारळ पाडणाऱ्या काकांनी सांगितले’. आजी आणि काका यांपैकी या गोष्टीत कोणाला जास्त ठाऊक असेल, हा पुढचा प्रश्न तिसरीच्या मुलांनाही विचारता येतो आणि ती त्याचे उत्तर आश्चर्य वाटावे इतक्या प्रामाणिकपणे देतात.

वाचून मिळणारा पुरावा चौथीसाठी राखून ठेवावा. ‘किनाऱ्यावर रात्रभर मोठे दिवे लावावेत का’ हा त्यासाठी चांगला प्रश्न आहे, कारण सगळी मुले आधी ‘हो’ म्हणतात. दिवे म्हणजे सुरक्षितता, पर्यटक, जत्रेसारखी मजा. मग त्यांना ऑलिव्ह रिडले कासवांविषयी वाचायला द्यावे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून या कासवांच्या घरट्यांचे संरक्षण केले जाते. वाळूतून बाहेर आलेली पिल्ले उजेडाच्या दिशेने चालू लागतात. एरवी रात्री समुद्राकडची बाजू उजळ असते म्हणून ती पाण्यात पोचतात, पण मागे दिवे असतील तर भरकटतात. हे वाचल्यावर काही मुले ‘हो’ वरून ‘नाही’ वर जातात, पण मला जास्त आवडतात ती मध्येच थांबणारी मुले, जी लिहितात की दिवे असावेत पण कासवांच्या दिवसांत बंद ठेवावेत.

कागदावर उतरताना

पहिली-दुसरीच्या मुलांनी चित्र काढावे आणि त्याखालचे वाक्य बोलावे. मोठ्याने ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. जसेच्या तसे म्हणजे खरोखर तसेच. मूल ‘माका रेनकोट बरो वाटता’ म्हणाले तर तेच लिहावे. लिहून घेताना आपण त्याचे ‘मला रेनकोट योग्य वाटतो’ केले की ते वाक्य मुलाचे राहत नाही आणि वाचायला दिल्यावर त्याला ते ओळखू येत नाही. पालघर जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली; मुलाच्या बोलीपाशी जाणे हा मला त्याच वाटेचा भाग वाटतो. तिसरी-चौथीतही पहिला खर्डा बोलीत लिहू द्यावा. प्रमाण भाषा दुसऱ्या खर्ड्यात आणावी, कारण दोन ओझी एकदम उचलायला दिली की मूल विचाराचे ओझे खाली ठेवते.

मराठीच्या घडणीतून येणारी एक अडचण येथे सांगायला हवी. आपण बोलताना बहुधा कारण आधी आणि निष्कर्ष नंतर सांगतो : ‘वारा आहे म्हणून छत्री नको.’ मत-लेखनात मात्र मुलांना मत आधी आणि ‘कारण’ नंतर लिहायला सांगितले जाते : ‘छत्री नको, कारण वारा आहे.’ ही उलटापालट मुलांना सहज जमत नाही, आणि मग ‘कारण वारा आहे म्हणून छत्री नको कारण’ अशी वाक्ये तयार होतात. यावर उपाय म्हणजे एकाच विचाराची दोन्ही वाक्ये कागदाच्या पट्ट्यांवर लिहून, पट्ट्या उलटसुलट मांडून, ‘म्हणून’ कुठे शोभतो आणि ‘कारण’ कुठे, हे खेळासारखे करून घेणे. दोन्ही रचना शुद्धच आहेत, आणि ज्या मुलाला ‘म्हणून’ने लिहिणे सोपे जाते त्याला तसेच लिहू द्यावे. मत पहिल्याच वाक्यात आले पाहिजे असा हट्ट मी धरत नाही.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. मुलांची मते बरेचदा आज्ञेच्या रूपात येतात, ‘माड लावा’, ‘दिवे बंद करा’. ‘लावावा’, ‘लावला तर बरे होईल’, ‘लावायलाच हवा’ या तिन्हींत मताचे वजन वेगवेगळे आहे हे मोठ्याने वाचून दाखवले की मुलांना लगेच ऐकू येते. तसेच ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ या शब्दांखाली मुलांनीच पेन्सिलने रेघ मारावी आणि स्वतःला विचारावे की एकही वेगळे उदाहरण सापडले तर हे वाक्य टिकेल का. मग ‘सगळे’च्या जागी ‘आमच्या वर्गातले बरेच जण’ येते, आणि वाक्य अधिक खरे होते.

उलट बाजूचे म्हणणे लिहायला तिसरीच्या उत्तरार्धात सुरुवात करावी. त्यासाठी ‘कोणी म्हणेल की…’ एवढा धागा हातात दिला तरी पुरतो. ही गोष्ट कशी घडते ते दाखवण्यासाठी एक नमुना देते. पहिला खर्डा असा असू शकतो :

‘माका रेनकोट बरो वाटता. छत्री वाऱ्यान उलटी होता. काल माझी छत्री साकवार उलटी झाली नि दप्तर भिजला.’

साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. यात मत, कारण आणि डोळ्यांनी पाहिलेला पुरावा हे तिन्ही आहे. मुलाला ते कळलेले नसते, ते त्याला दाखवून द्यावे. मोजणी आणि वर्गातले बोलणे झाल्यावर तेच मूल असे लिहू शकते :

‘शाळेत येताना छत्रीपेक्षा रेनकोट बरा, असे मला वाटते. आपल्याकडे पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्री उलटी होते. काल साकवावर माझी छत्री उलटी झाली आणि दप्तर भिजले. आम्ही पाच दिवस मोजले, तेव्हा छत्रीवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांची दप्तरे भिजली आणि रेनकोटवाल्यांपैकी फक्त दोघांची. कोणी म्हणेल की रेनकोटमध्ये घाम येतो. ते खरे आहे, पण घाम पुसता येतो आणि भिजलेली वही पावसात लवकर वाळत नाही.’

यापेक्षा लांब लिहिण्याची या वयात गरज नाही. बाजारातल्या निबंधांच्या पुस्तकांची सवय लागलेली मुले सुरुवातीला असे लिहायला तयार होत नाहीत, कारण त्यांना ‘हे निबंधासारखे वाटत नाही’. त्यांच्या ‘माझा आवडता पक्षी’मध्ये मोरच असतो, जरी शाळेच्या वाटेवर रोज खाडीत सूर मारणारा खंड्या भेटत असला तरी.

तपासताना

लाल पेन पहिल्या वाचनात हातात घेऊच नये. पहिल्या वाचनात फक्त एक प्रश्न समासात लिहावा, आणि तो वाचकाला खरोखर पडलेला प्रश्न असावा : ‘तुझी छत्री जुनी होती का?’, ‘पाचही दिवस वारा होता का?’ ‘छान’ आणि ‘आणखी लिही’ या शेऱ्यांचा मुलांना काही उपयोग होत नाही. पहिल्याने ते थांबतात आणि दुसऱ्याने तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा लिहितात. शुद्धलेखन अगदी शेवटी, दुसऱ्यांना वाचायला देण्याची प्रत तयार करताना पाहावे, आणि तेही ‘वाचणाऱ्याला अडखळायला नको’ एवढे कारण सांगून.

गुण द्यायचेच असतील तर मत कोणते आहे याला गुण नाहीत हे आधी सांगावे आणि मग ते पाळून दाखवावे. दोन विरुद्ध मतांच्या वह्यांना सारखेच पूर्ण गुण मिळालेले मुलांनी एकदा पाहिले की पुढच्या वेळी अंदाज बांधणे बंद होते. पालकांपैकी कोणी येऊन विचारतात की बरोबर उत्तर कोणते होते. त्यांना वही वाचायला द्यावी आणि पटले का ते विचारावे.

कोणीतरी वाचले पाहिजे

बाईंनी तपासण्यासाठी लिहिलेल्या मताला फार दम नसतो. माड की बकुळ यावरची मते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचली जाणार आहेत असे सांगितले, तर मुले कागद तीनदा लिहितात. मधल्या सुट्टीविषयीची मते मुख्याध्यापकांना पत्राने द्यावीत, फणसाविषयीची आजोळी पाठवावीत. एकच अट : उत्तर आले पाहिजे, मग ते ‘नाही’ असले तरी, आणि त्या ‘नाही’लाही कारण जोडलेले असले पाहिजे. उत्तर देण्याचे आधी कबूल करून घ्यावे, कारण पत्राला उत्तरच आले नाही तर मुले पुढच्या पत्रात कष्ट घेत नाहीत.

भित्तिपत्रकासाठी आम्ही ६ जानेवारी हा दिवस धरतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ‘दर्पण’ हे मराठीतले पहिले वृत्तपत्र सुरू केले, आणि ते देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘आपल्याच बाजूचे’. त्या दिवशी वर्षभरातल्या लेखांपैकी प्रत्येकाने स्वतः निवडलेला एक लेख भिंतीवर लागतो आणि खाली एक कोरा कागद जोडलेला असतो, ज्यावर वाचणाऱ्याने आपले नाव आणि कारण लिहून विरोध नोंदवायचा. नाव आणि कारण दोन्ही नसतील तो शेरा आम्ही काढून टाकतो.

मूळ खर्डे मात्र भिंतीवर लावू नयेत. ते वर्षअखेर पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवावेत, नाहीतर पहिल्याच पावसात त्यांना बुरशी लागते, आणि पुढच्या जूनमध्ये तो डबा वर्गात उघडून ज्याचा त्याला द्यावा, सोबत एक काजूची बी आणि एक चिंचोका.